धेंपो स्पोर्ट्स क्लब : संस्मरणीय क्षण

धेंपो स्पोर्ट्स क्लब हा पणजीचा व्यावसायिक फुटबॉल संघ. राष्ट्रीय फुटबॉल लीगची दोन आणि आय-लीगची तीन अशी राष्ट्रीय साखळीची पाच विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. पेडण्यातील केरीपासून काणकोणपर्यंत गोव्यात फुटबॉल गावोगावी खेळला जातो. त्या खेळाला पगारी खेळाडू, कायमचे प्रशिक्षक आणि वर्षभराचा सराव मिळाला तो मुख्यतः उद्योगसमूहांच्या संघांमुळे. त्यांत धेंपोचे स्थान अग्रभागी आहे.

आश्रय : वसंतराव धेंपे यांनी 1941 मध्ये व्ही. एस. धेंपो कंपनी स्थापन केली. लोहखनिजाची निर्यात हा तिचा प्रमुख व्यवसाय होता आणि डिचोलीची खाण हा त्याचा आधार. गोवा मुक्तीनंतर 1960च्या दशकात हा संघ धेंपो नावाने मैदानात उतरला. साळगावकर आणि सेझा या संघांनाही खाण उद्योगाचाच आश्रय होता. त्यामुळे मैदाने मडगाव, वास्को, पणजीची असली, तरी या फुटबॉलला लागणारा पैसा बराचसा डिचोली परिसराच्या डोंगरांतून आला.

रोव्हर्स चषक : राष्ट्रीय साखळी सुरू होण्यापूर्वी संघाची पारख चषक स्पर्धांत होई. मुंबईच्या कूपरेज मैदानावरील रोव्हर्स चषक त्यांतील एक मानाची स्पर्धा. धेंपोने ती 1974, 1978, 1979 आणि 1986 मध्ये जिंकली. बंगाल, पंजाब आणि हैदराबादच्या संघांचा दबदबा असलेल्या या स्पर्धेत गोव्याचा संघ नियमित दावेदार मानला जाऊ लागला.

5 डिसेंबर 2004 : क्लबच्या इतिहासातील सर्वांत दुःखद दिवस. बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपोने मोहन बागानला 2-0 असे हरवले. दोन्ही गोल ब्राझीलचा आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर याने केले. दुसरा गोल करताना प्रतिस्पर्धी गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली, तो मैदानातच कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. तो अवघा 25 वर्षांचा होता. क्लबने त्याची 10 क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली. भारतीय मैदानांवरील तातडीच्या वैद्यकीय सोयींचा प्रश्नही या घटनेने ऐरणीवर आणला.

पाच विजेतेपदे : त्याच हंगामात, 2004-05 मध्ये, धेंपोने राष्ट्रीय लीग प्रथमच जिंकली. उपविजेता स्पोर्टिंग क्लब दि गोवा होता. म्हणजे पहिल्या दोन्ही जागा गोव्याकडे आल्या. 2006-07 ची अखेरची राष्ट्रीय लीग आणि 2007-08 ची पहिली आय-लीग, या दोन्हींवर धेंपोचेच नाव कोरले गेले. 2009-10 आणि 2011-12 ची आय-लीगही त्यांनी जिंकली. आठ हंगामांत पाच विजेतेपदे, आणि पाचही वेळा प्रशिक्षक एकच : आर्मांदो कुलासो. क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा हे गोमंतकीय खेळाडू संघाचा कणा होते. त्यांच्या जोडीला ब्राझीलचा बेटो आणि नायजेरियाचा रँटी मार्टिन्स असे परदेशी खेळाडू होते. दरवर्षी संघ नव्याने न बांधता तोच गट टिकवून ठेवणे, हे या यशामागचे मोठे कारण. कुलासो 2011 मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. पुढे त्यांना 2024 चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आय-लीगच्या पहिल्या सहाही हंगामांचे विजेते धेंपो, चर्चिल ब्रदर्स किंवा साळगावकर, म्हणजे गोव्याचेच संघ होते.

आशियाई उपान्त्य फेरी : 2008 च्या एएफसी चषकात सिंगापूरच्या होम युनायटेडला मागे टाकून धेंपोने उपान्त्य फेरी गाठली. या स्पर्धेत इथवर पोहोचणारा तो पहिला भारतीय क्लब. लेबनॉनच्या सफा संघाने त्यांची वाटचाल रोखली.

14-0 : 30 मे 2011 रोजी आय-लीगमध्ये धेंपोने मुंबईच्या एअर इंडियाचा 14-0 असा फडशा पाडला. एकट्या रँटी मार्टिन्सने सहा गोल केले. त्या हंगामाचे विजेतेपद मात्र साळगावकरने पटकावले. पुढच्या हंगामात रँटीने 32 गोल केले आणि चषक धेंपोकडे परतला.

घसरण आणि पुनरागमन : धेंपो समूहाने 2009 मध्ये खाण व्यवसाय सेझा गोवाला 1,750 कोटी रुपयांना विकला, पण क्लब स्वतःकडेच ठेवला. 2014-15 मध्ये संघाची आय-लीगमधून पदावनती झाली. दुसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळवून त्यांनी पुढच्याच हंगामात प्रवेशाचा हक्क परत कमावला. मात्र इंडियन सुपर लीगला अव्वल आणि आय-लीगला दुय्यम दर्जा देण्याच्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्रस्तावाला विरोध म्हणून 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीगमधून माघार घेतली. त्यानंतर काही वर्षे धेंपोचा वावर मुख्यतः गोव्यातील स्पर्धांपुरता राहिला. 2023-24 च्या आय-लीग 2 मध्ये दुसरे स्थान मिळवून संघ 2024-25 च्या आय-लीगमध्ये परतला. या पुनरागमनाचे प्रशिक्षक होते सुवर्णकाळातील बचावपटू समीर नाईक.