बिनी आणि चंदावल

विलायतेत एके काळी यंत्राने चालणाऱ्या गाडीपुढे माणूस चालत असे. १८६५ सालच्या कायद्याचे तसे फर्मानच होते. गाडीच्या साठ यार्ड पुढे एकाने हातात तांबडे निशाण घेऊन चालावे, आणि गाडीने गावात ताशी दोन मैल व गावाबाहेर चार मैल यापेक्षा अधिक पळू नये! १८७८ साली निशाणाची सक्ती गेली, पण पुढे चालणारा माणूस राहिला. तोही १८९६ साली गेला आणि वेगाची मर्यादा ताशी चौदा मैलांवर चढली. त्या आनंदाप्रीत्यर्थ १४ नोव्हेंबर १८९६ रोजी तिथल्या हौशी मोटारवाल्यांनी लंडनहून ब्रायटनपर्यंत एकत्र मोटारी नेल्या. निघण्यापूर्वी हॉटेलात न्याहारी झाली आणि लॉर्ड विंचिलसी यांनी सर्वांसमक्ष एक तांबडे निशाण टरकावून दाखविले. हवा ओली होती, रस्ता चिखलाचा होता. निघालेल्यांपैकी कितीतरी गाड्या वाटेत बसल्या. एक विजेची गाडी तर आगगाडीत चढवून ब्रायटनला नेली आणि तिथे तिच्या अंगावर चिखल फासून तिला मिरवणुकीत उभे केले, असे त्या वेळी लोक म्हणत.

मौजेखातर अनेक मोटारींनी मिळून रस्त्याने जाणे या प्रकाराची गणना मी या दिवसापासून करतो. त्या एका दिवसात या हौशीचे सगळे गुणदोष दिसून आले होते. उत्साह होता, थाटमाट होता, थोडी लबाडीही होती. मागे राहिलेल्याचे काय झाले याची चौकशी मात्र फारशी कोणी केली नाही.

मोटारींच्या इतिहासात शालेय मास्तराने का शिरावे, असे कोणी विचारील. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, मुलुंडात राहतो, शाळेत शिकवितो, चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत, आणि मोटार माझ्यापाशी नाही. परंतु आमच्या उपनगरांत राहणाऱ्याला हा विषय चुकविता येत नाही. पावसाळ्यातल्या रविवारी पहाटे पाचच्या सुमारास पूर्व द्रुतगती मार्गावरच्या पेट्रोल पंपाशी पाहावे, तिकडे बोरिवलीला पश्चिम द्रुतगती मार्गावर पाहावे. आठ-दहा मोटारी, काचांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या, चहाचे पेले, आणि लोणावळा, माळशेज, भंडारदरा यांपैकी एखादे नाव. या मंडळींतले काही माझे जुने विद्यार्थी आहेत.

हा रस्ताही या हौशीला नवा नाही. 'मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया' या संस्थेने १९०४ साली दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची चाचणी भरविली होती. अंतर सुमारे १३०० किलोमीटर. हिंदुस्थानच्या रस्त्यांवर, धुळीत आणि उन्हात या यंत्राचा टिकाव लागतो की नाही ते पाहावे आणि येथील धनिकांना ते दाखवावे, हा हेतू. त्या काळी दिल्लीहून मोटारीने मुंबईस यावयाचे तर साष्टी बेट ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते. एक तर शीवच्या बंधाऱ्यावरून, नाही तर १८४५ साली झालेल्या माहीमच्या पुलावरून. म्हणजे ती यंत्रे आपल्या भागातल्या शेतवाड्यांमधूनच गेली असणार. मुलुंड, भांडुप, घाटकोपरवरून जाणारा तो आग्रा रोड आज लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणून ओळखला जातो. याच रस्त्यावर कुर्ल्याला वालचंद हिराचंदांचा प्रीमियरचा कारखाना होता. १९४७ साली तिथून पहिली गाडी बाहेर पडली, पुढे फियाट आली, आणि १९७४ पासून तीच फियाट पद्मिनी या नावाने मुंबईभर फिरली. कारखाना गेला, त्या जागी इमारती उठल्या, आणि ३० ऑक्टोबर २०२३ रोजी पद्मिनी टॅक्सीनेही मुंबईचा निरोप घेतला.

पण मला सांगावयाचे आहे ते मागच्या मोटारीविषयी.

१९०७ साली पॅरिसच्या 'ल मातँ' या वर्तमानपत्राने पेकिंगहून पॅरिसला मोटारीने जाण्याचे आव्हान दिले. १० जून रोजी पेकिंगहून पाच गाड्या निघाल्या. इटलीचा राजपुत्र बोर्गेसे याची दणकट इटाला, एक डच स्पायकर, दोन फ्रेंच द दिऑन, आणि ओग्यूस्त पाँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाची काँताल; ही तर तीन चाकांची, जेमतेम सहा अश्वशक्तीची चिमुकली गाडी. अवघड मुलखात एकमेकांना धरून राहावयाचे असे सगळ्यांचे ठरले होते. गोबीच्या वाळवंटात ते ठरलेले विरले. पाँच्या गाडीतले पेट्रोल संपले, पुढच्या गाड्या क्षितिजाआड गेल्या, आणि कोणी परतले नाही. पाँ आणि त्याचा साथीदार पायी निघाले, पाण्यावाचून पडले, आणि भटक्या मंगोल लोकांना अर्धमेल्या अवस्थेत सापडले म्हणून वाचले. (पुढे गाणारी म्हणून जगभर गाजलेली लिली पाँ ही याच गृहस्थाची मुलगी.) बोर्गेसे १० ऑगस्टला पॅरिसला पोचला आणि त्याचा जयजयकार झाला. इतिहासाच्या पुस्तकांत इटालाचे छायाचित्र असते. काँताल त्या वाळवंटात राहिली. बोर्गेसेच्या धाडसाला मी कमी लेखीत नाही. पण पहिला आलेला माणूस मला या हकिकतीत नायक वाटत नाही.

आपल्याकडे या गोष्टीचा विचार फार पूर्वी झालेला आहे. मराठ्यांची फौज कूच करी तेव्हा आघाडीच्या तुकडीला बिनी म्हणत. तिचा मान इतका की बिनीवाले हे आडनावच झाले. पिछाडीच्या तुकडीला चंदावल म्हणत. बिनीने वाट काढावयाची, पाणी आणि मुक्काम शोधावयाचा. चंदावलीने बाजारबुणगे, थकलेली जनावरे, मागे पडलेली माणसे सांभाळीत यावयाचे आणि पाठीवर येणारा हल्ला अंगावर घ्यावयाचा. चंदावलीचे काम निस्तेज असे कोणी समजू नये. कसलेला सरदारच तिथे लागे. चंदावलवाले असे आडनाव मात्र माझ्या ऐकिवात नाही, यावरून मान कोणाला मिळतो हे ओळखावे.

या लष्करी शिस्तीचे एक रूप आजही आषाढात डोळ्यांनी पाहता येते. आळंदीच्या पालखी सोहळ्याला आजची घडी दिली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी. आणि हैबतबाबा हे शिंद्यांच्या पदरी चाकरी केलेले गृहस्थ होते. दिंड्यांना क्रमांक, रथापुढच्या दिंड्या सत्तावीस, बाकीच्या मागे, कोणी कोणाला ओलांडावयाचे नाही. मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की हजारोंचा समुदाय शांत होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातो, गाऱ्हाणे ऐकतो. लाखांच्या मेळ्यात मागच्याचे म्हणणे पुढच्याच्या कानी जाण्याची इतकी साधी आणि पक्की सोय दुसरीकडे माझ्या पाहण्यात नाही.

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या विद्यार्थ्याने मला माळशेजला नेले. अकरा मोटारी होत्या. "सर, तुम्ही शेवटच्या गाडीत बसा. आम्ही तिला स्वीप म्हणतो," तो म्हणाला. मी त्याला चंदावल हा शब्द दिला. मुरबाडपर्यंत तो शब्द वॉकी-टॉकीवरून सगळ्या गाड्यांत पसरलेला होता. शेवटच्या गाडीत बसल्याने मला जे कळले ते पहिल्या गाडीत कळले नसते.

ताशी ऐंशी किलोमीटरने जाणारी मोटार एका सेकंदात बावीस मीटर जाते. पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचे अंतर हवे, म्हणजे सुमारे पंचेचाळीस मीटर. अकरा गाड्यांचा तांडा असा नीट अंतर राखून चालला तर त्याची लांबी अर्धा किलोमीटर होते. आता कल्याणकडून भाजी घेऊन निघालेल्या टेम्पोवाल्याने हा तांडा कसा ओलांडावा? म्हणून जाणती मंडळी चार-पाच गाड्यांचे तुकडे पाडतात आणि दोन तुकड्यांत भरपूर जागा ठेवतात. आमच्या मंडळींनी तसे केले. ज्या तांड्यांत ते करीत नाहीत, उलट मधे कोणी शिरू नये म्हणून गाडीला गाडी चिकटवितात, त्यांना रस्त्यावर नेण्याची परवानगीच असू नये असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक. पुढची गाडी ट्रकला ओलांडून गेली की तिच्यामागच्याला वाट पाहावी लागते, त्याच्यामागच्याला अधिक, आणि शेवटच्याला सर्वांत अधिक. मग हरवलेले अंतर भरून काढण्यासाठी बिनी ऐंशीने चाललेली असता चंदावलीला शंभराच्या पुढे जावे लागते. तांड्याचा सर्वांत मोठा वेग नेहमी शेपटाला असतो! पुढच्याने जरा पाय आवरला नाही तर मागच्याचा जीव टांगणीला लागतो, आणि पुढच्याला त्याचा पत्ताही नसतो. यावर तोड म्हणून सर्वांत मंद गाडी आणि सर्वांत नवखा चालक यांना बिनीच्या लगेच मागे ठेवतात. आमच्यात दुसऱ्या क्रमांकाला एक जपून ठेवलेली पद्मिनी होती. सगळा तांडा तिच्या चालीने चालला. प्रत्येक चालकाने आपल्या पाठच्या गाडीची जबाबदारी घ्यावयाची, वळणावर ती आरशात दिसेपर्यंत वळावयाचे नाही, हाही त्यांचा नियम होता. शाळेची सहल कान्हेरीला नेतो तेव्हा मी हेच करतो. पोरांची रांग मोजताना मी नेहमी शेवटच्या पोराकडून सुरुवात करतो.

घाटाचे नियम तर मोटारींपेक्षाही जुने वाटावेत असे आहेत. चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यावी, हे आज कायद्यातही आहे. चढताना जो गिअर लागला त्याच गिअरमध्ये उतरावे. इंजिन मोकळे सोडून, न्यूट्रलमध्ये उतरू नये. बोरघाटात खोपोलीच्या उतारावर पाट्या लावूनही ट्रकवाले इंधन वाचविण्यासाठी तेच करतात, ब्रेक तापून निकामी होतात, आणि पुढच्या गाड्यांचा चुराडा होतो. तो घाट १८३० साली चाकांच्या गाड्यांना खुला झाला, त्यावर नवा द्रुतगती मार्ग २००२ पर्यंत पुरा झाला, पण उताराचा स्वभाव बदललेला नाही. पावसात धावत्या गाडीचे चारही दिवे लुकलुकत ठेवण्याची जी नवी चाल पडली आहे तीही वाईट. ते दिवे उभ्या, अडलेल्या गाडीसाठी आहेत. ते चालू असले की गाडी कुठे वळणार हे मागच्याला कळत नाही.

पट्ट्याविषयी अधिक लिहीत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. पट्टे न बांधता मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. त्यानंतर मागच्या आसनावरच्या पट्ट्याची सक्ती मुंबईत करू लागले. नियम मात्र आधीपासूनच होता.

शर्यतीची गोष्ट निराळी. पन्नास-साठ वर्षांपूर्वी जुहूच्या विमानतळावर मोटारींच्या शर्यती होत. तिथे धावपट्टी मोकळी असे, समोरून कोणी येत नसे. सार्वजनिक रस्त्यावर सरकारच्या लेखी संमतीवाचून शर्यत लावणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमान्वये गुन्हा आहे; २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेस तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. पण तांड्याची शर्यत कशी होते, हे कलमात लिहिलेले नाही. ती ठरवून होत नाही. एकाने मजेत ओलांडले, दुसऱ्याला राग आला, तिसऱ्याला दोघांचे चित्र टिपावयाचे होते, एवढ्याने होते. म्हणून निघण्यापूर्वी पेट्रोल पंपावर जे दहा मिनिटांचे भाषण होते, ते ऐकताना हसणाऱ्या माणसाला मी घरी परत पाठवीन. टाकी भरलेली हवी, आपसांत ओलांडावयाचे नाही, मद्याला हात लावावयाचा नाही, गावातून जाताना भोंगा आणि गाणी बंद. शेवटचे मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपण ज्याला सहल म्हणतो तो रस्ता टोकावड्याच्या माणसाचे अंगण आहे; त्याची म्हैस, त्याचे पोर, त्याचा वाळत घातलेला भात तिथे असतो.

माळशेजच्या धबधब्यांपाशी त्या दिवशी फार गर्दी होती. वळणावर गाड्या उभ्या करून लोक भिजत होते. आमची बिनी तिथे थांबली नाही. पुढे घाटमाथ्यावर मोकळी जागा पाहून थांबली. काहीजण हिरमुसले. माझ्या मते बिनीच्या चालकाची खरी परीक्षा तीच होती, आणि तो उतरला. परतताना नऊ क्रमांकाचे चाक बसले तेव्हा चंदावल तिच्या मागे, रस्त्यापासून आत, त्रिकोणी फलक ठेवून उभी राहिली. पुढच्या तुकडीला निरोप गेला आणि ती सरळगावला चहासाठी थांबली. चाळीस मिनिटे गेली. कोणी कुरकुर केल्याचे ऐकले नाही; निदान वॉकी-टॉकीवर तरी नाही.

पूर्वी असे तांडे परतले की मुलुंडच्या टोलनाक्यावर रांगेत उभे असतानाच गाड्यांची मोजदाद होई. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. गाड्या थांबत नाहीत, सुसाट निघून जातात. त्यामुळे आता ही मंडळी नाक्याअलीकडे, ठाण्याच्या हद्दीतच एका पंपावर उतरतात, आणि चंदावलीचा चालक शेवटून पहिल्यापर्यंत क्रमांक मोजीत जातो.