सासऱ्यांच्या पेटीतले पन्नास शेअर



मोताळ्याहून अमळनेरला जायचं म्हणजे आधी एसटीने मलकापूर, मग रेल्वेने भुसावळ, जळगाव करत पुढे. ही माझी सासुरवाडी. आम्हा शिक्षकांना अमळनेर म्हटलं की साने गुरुजी आणि प्रताप हायस्कूल आठवतं. पण या गावाचा आणखी एक इतिहास आहे आणि त्यात माझी एक चूक दडलेली आहे.

२९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली. कारखाना अमळनेरला. वनस्पती तूप आणि ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण हा तिचा माल. गावातल्या अनेकांनी तिचे शेअर घेतले. १९६६ मध्ये प्रेमजी वारले. मुलगा अझीम तेव्हा अवघा २१ वर्षांचा. अमेरिकेतलं शिक्षण सोडून तो परतला. पुढे आयबीएम भारत सोडून गेल्यावर कंपनी संगणकाकडे वळली. तीच आजची विप्रो!

सासऱ्यांच्या लोखंडी पेटीत तिचे १० रुपये दर्शनी किमतीचे ५० शेअर होते. १९९६ च्या पावसाळ्यात घराची पुढची भिंत पडली. घरात शिकलेला जावई मीच, म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, "कागदाचा काय भरवसा? विकून टाका." त्यांनी विकले.

आता गणित बघा. १९९७ मध्ये एकावर दोन बोनस, म्हणजे १५०. १९९९ मध्ये १० रुपयांच्या शेअरचे २ रुपयांचे पाच झाले, ७५०. २००४ मध्ये पुन्हा एकावर दोन, २,२५०. २००५ मध्ये एकास एक, ४,५००. २०१० मध्ये तिनावर दोन, ७,५००. २०१७ मध्ये दुप्पट, १५,०००. २०१९ मध्ये तिनावर एक, २०,०००. २०२४ मध्ये पुन्हा दुप्पट, ४०,०००!

बोनस मिळाला म्हणून कोणी श्रीमंत होत नाही. भाकरीचे जास्त तुकडे केले तरी भाकरी तेवढीच राहते. इथे भाकरीच वाढत गेली, आणि ज्यांनी तुकडे मोडले नाहीत त्यांना ती मिळाली. अमळनेरातले कित्येकजण असेच नुसते थांबून लखपती-करोडपती झाले.

पण दुसरी बाजूही सांगतो. त्याच पेटीत एका कापड गिरणीचेही शेअर होते. ते आम्ही जपून ठेवले. गिरणी बंद पडली, कागद रद्दी झाले. आणि २००० साली तेजीच्या शिखरावर ज्यांनी विप्रो घेतला, त्यांना मुद्दल दिसायला बरीच वर्षं लागली. म्हणजे थांबणं हा गुण खरा, पण कशावर थांबायचं हे कळलं पाहिजे. मी धंदा न बघता फक्त कागद बघितला, ही माझी चूक.

नातेवाइकांना एक विनंती. जुन्या पेट्या उघडून बघा. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाहीत, आधी डीमॅट करावे लागतात. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही, तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातात. तिथून मागता येतात, पण खटाटोप फार.

सासरे शेवटपर्यंत मला एका शब्दाने बोलले नाहीत. ती भिंत मात्र अजून उभी आहे. अमळनेरला गेलो की मी तिला टेकून बसतो.

असो.