कागदाची घडी, पुण्यातली

पुण्यात कागदाला घडी घालणे हा छंद होण्याच्या कितीतरी आधी रोजच्या व्यवहाराचा भाग होता. वैद्याने दिलेली चूर्णाची पुडी, फुटाणेवाल्याने एका हाताने वळलेला पुडा, पोस्टाचे पाकीट नसेल तेव्हा चिठ्ठीचीच घातलेली घडी, हे सगळे कात्री आणि खळ न वापरता केलेले घडीकामच. पहिल्या पावसात वाड्यातली पोरे होड्या सोडत, त्यांतही साधी होडी वेगळी, नांगरहोडी वेगळी, शिडाची होडी वेगळी. या होड्यांच्या आकृत्या कुठे छापलेल्या नव्हत्या. थोरल्याच्या हाताकडे बघून धाकटा शिकायचा. ‘ओरू’ म्हणजे घडी घालणे आणि ‘कामी’ म्हणजे कागद, यांतून झालेला ओरिगामी हा जपानी शब्द मराठीत फार उशिरा आला.

घडी कशी बसते हे कागदावर ठरते, आणि कागद या शहरात तयार होत असे. कसबा पेठेतला कागदीपुरा ही त्या कारागिरांची वस्ती. पेशवाईत जुन्नरहून आलेल्या मुसलमान कागदी घराण्यांनी ती वसवली. जुनी तागाची पोती, दोर, चिंध्या कुटून लगदा करायचा, तो पाण्यात कालवून गवती जाळीवर उचलायचा, ताव भिंतीला चिकटवून वाळवायचा, खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचा. लांब धाग्यांचा असा कागद कितीदा दुमडला तरी घडीवर चटकन फाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मुंढव्याला कागदगिरण्या आल्या, गिरणीच्या स्वस्त कागदापुढे कागदीपुऱ्याचा धंदा बसला. पुढे ग्रामोद्योगाच्या चळवळीतून हातकागदाला पुन्हा चालना मिळाली आणि १९४० मध्ये के. बी. जोशी यांच्या पुढाकाराने शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी राहिली. घोटण्याचा तो शब्द मात्र शाळेत टिकून राहिला. हस्तकलेच्या तासाला लागणाऱ्या एका बाजूने रंगीत, चकचकीत कागदाला मराठी शाळा आजही ‘घोटीव कागद’ म्हणतात, मग तो कोणत्याही गिरणीत झालेला असो.

रंगीत कागद वर्गात आणण्याची कल्पना जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल याची. त्याच्या बालोद्यान पद्धतीच्या साहित्यात घडीकामाची एक पेटी असे. तीत निरनिराळ्या रंगांचे दोनशे चौकोन, घडी दाबायची पट्टी आणि आकृत्या. मद्रास इलाख्यातले सरकारी अधिकारी टी. सुंदर राव यांच्या हाती ही पेटी पडली आणि तिच्यातून १८९३ मध्ये कागदाच्या घड्यांमधून भूमिती शिकवणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक तयार झाले. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने त्याचा उल्लेख केल्यामुळे अमेरिकेतल्या प्राध्यापकांचे लक्ष गेले आणि १९०१ मध्ये शिकागोहून त्याची नवी आवृत्ती निघाली. भारतीय शाळांनी मात्र या पुस्तकाकडे जवळजवळ शतकभर पाठ फिरवली, हे नोंदवायलाच हवे.

या पद्धतीची गंमत एका कृतीत कळते. चौकोनी कागद उभा मधोमध दुमडून उलगडावा. मग खालचा उजवा कोपरा उचलून त्या मधल्या रेषेवर टेकवावा, पण अशा बेताने, की नवी घडी खालच्या डाव्या कोपऱ्यातूनच जाईल. कोपरा जिथे टेकला तो बिंदू आणि खालचे दोन्ही कोपरे मिळून समभुज त्रिकोण होतो. कंपास नाही, कोनमापक नाही. दोनाचे घनमूळ घड्यांनी काढता येणार नाही असा सुंदर रावांचा समज होता. इटालियन गणितज्ञ मार्गेरिता बेलोक हिने १९३६ मध्ये ते काढता येते हे दाखवले.

छंद म्हणून ओरिगामी जगभर पसरली ती अकिरा योशिझावा याने १९५४ मध्ये मांडलेल्या चिन्हांमुळे. तुटक रेषा, बाण, पुढची घडी, मागची घडी ही चिन्हे कळली की जपानी भाषा येण्याची गरज उरली नाही. मराठी वाचकांत हा छंद रुजवणारे नाव अनिल अवचट यांचे. त्यांचा जन्म १९४४ चा, जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचा (कागदीपुऱ्याचे कारागीरही त्याच मुलखातले, हा योगायोग). डॉक्टरकी शिकलेले, सामाजिक प्रश्नांवर लिहिणारे अवचट लाकूड कोरत, बासरी वाजवत आणि समोर मूल आले की कागद काढून दुमडू लागत. ‘छंदांविषयी’ आणि ‘मजेदार ओरिगामी’ या पुस्तकांतून हा नाद घरोघरी गेला. २०२२ मध्ये ते वारले.

दुसरी वाट विज्ञानशिक्षणाची. आयआयटी कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता २००३ ते २०१४ या काळात ‘आयुका’ या पुण्यातल्या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत होते. वर्तमानपत्राच्या टोप्या, पंख हलवणारा पक्षी, उलटत जाऊन नवे चित्र दाखवणारा फ्लेक्सागॉन अशी खेळणी त्यांनी शाळाशाळांत नेली. सुंदर रावांचा उल्लेख त्यांच्या लेखनात आवर्जून येतो.

आता यंत्रमानवालाही ओरिगामी शिकवली जाते, पण घडी घालणारी यंत्रे पुण्याला नवी नाहीत. अप्पा बळवंत चौकात विकली जाणारी पुस्तके छापील ताव दुमडून केलेल्या फर्म्यांची बनतात. सोळा पानांच्या फर्म्याला तीन घड्या. बाइंडिंगच्या कारखान्यात पूर्वी ही घडी हाताने, पट्टीने दाबून घालत. मग यंत्रे आली, पण त्यांना एकाच मापाचा कागद आणि ठरलेली घडी लागते. यंत्रमानवाकडून पक्षी करून घेणे निराळे. कागद वाकतो, फुगतो, थरावर थर चढले की जाड होतो, आणि पहिल्या घडीतली मिलिमीटरची चूक पुढच्या घड्यांत वाढत जाते. बोटांना हे स्पर्शाने कळते, लोखंडी हाताला ते एकेक करून शिकवावे लागते.

अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डेव्हिन बाल्कम याने २००४ मध्ये पीएच.डी.साठी केलेल्या यंत्राला कागदी विमान आणि टोपी जमली. कागद हवेच्या ओढीने उचलायचा, फटीवर ठेवायचा आणि वरून पट्टी दाबून घडी पाडायची, अशी त्याची रीत. जपानमध्ये अकिओ नामिकी यांच्या गटाने बोटे असलेले हात आणि कॅमेरा वापरून कागद कुठे वाकला ते पाहत घडी घालण्याचा मार्ग धरला. २०२५ च्या मार्चमध्ये गूगल डीपमाइंडने दोन हातांचा यंत्रमानव कागदी कोल्हा करताना दाखवला. अशा यंत्राला शिकवताना माणूस दुसऱ्या जोडीचे हात स्वतः हलवतो, यंत्राचे हात त्यांच्यामागोमाग चालतात आणि ती हालचाल नोंदली जाते. मग तीच घडी पुन्हा, आणि पुन्हा.