घराचा सांगाडा ठोकणारा हातोडा किती वजनाचा असावा?

अमेरिकेत किंवा कॅनडात मुलाबाळांकडे जाऊन आलेल्या अनेकांना तेथील घरांचे बांधकाम पाहून नवल वाटते. विटा नाहीत, सिमेंटचे खांब नाहीत. आधी उभा राहतो तो लाकडाचा सांगाडा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकागो परिसरात रुळलेली ही पद्धत आजही तेथे सर्वमान्य आहे. ‘टू बाय फोर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फळ्या (प्रत्यक्षात त्या दीड इंच जाड व साडेतीन इंच रुंदच असतात, हा भाग वेगळा) साधारणपणे १६ इंचांच्या अंतराने उभ्या करून खिळ्यांनी जोडल्या जातात. या कामासाठी वापरला जाणारा हातोडा म्हणजे ‘फ्रेमिंग हॅमर’. तो निवडताना सुतारापुढे पहिला प्रश्न असतो वजनाचा.

घरगुती वापराचा हातोडा साधारणपणे १६ औंसांचा, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम वजनाच्या डोक्याचा असतो. सांगाड्याच्या कामासाठी परंपरेने २० ते २८ औंसांचे, म्हणजे सुमारे ५७० ते ८०० ग्रॅमचे डोके वापरले जाई. काही जण ३२ औंसांपर्यंतही जात. साडेतीन इंची खिळा दोन-चार घावांत आत जायचा असेल तर डोके जड हवे, हा त्यामागचा सरळ हिशेब. दांडाही नेहमीपेक्षा लांब, १६ ते १८ इंचांचा असतो. मागची दुभंगलेली बाजू वळलेली नसून जवळजवळ सरळ असते. खिळा उपटण्याबरोबरच दोन फळ्यांच्या फटीत घालून त्या विलग करणे तिने सोपे जाते.

तथापि जड हातोड्याची किंमत हाताला मोजावी लागते. दिवसभरात शेकडो वेळा हात वर जातो आणि प्रत्येक घावाचा हादरा मनगटातून कोपरापर्यंत पोहोचतो. ‘टेनिस एल्बो’ या नावाने परिचित असलेले कोपराचे दुखणे टेनिसपटूंपेक्षा हाताने कष्टाची कामे करणाऱ्यांतच अधिक आढळते. सुताराचा हात गेला की रोजगार गेला. त्यामुळे हलका हातोडा ही केवळ चैनीची बाब राहत नाही.

येथे पदार्थविज्ञान सुताराच्या मदतीला येते. हातोड्याची गतिज ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. २२ औंसांच्या डोक्याऐवजी १४ औंसांचे वापरले, तर तीच ऊर्जा मिळवण्यासाठी वेग दुप्पट नव्हे, सुमारे सव्वापट वाढवावा लागतो. हलके डोके अधिक वेगाने फिरवता येते आणि लांब दांडा त्यात भर घालतो. या गणिताची दुसरी बाजूही आहे. त्या सव्वापट वेगालाही संवेग सुमारे २० टक्क्यांनी कमीच भरतो. म्हणूनच खिळा ठोकण्यास हलका हातोडा पुरतो. पण जागेवर नीट न बसलेली अख्खी भिंत ठोकून सरकवायची असेल, तर घणालाच पर्याय नाही.

हलक्या हातोड्यांत आज सर्वाधिक बोलबाला आहे तो टायटॅनियमचा. या धातूची घनता पोलादाच्या साठ टक्क्यांहूनही थोडी कमी आहे. त्यामुळे डोक्याचा आकार भरदार राखूनही वजन १० ते १६ औंसांत ठेवता येते. शिवाय टायटॅनियम पोलादापेक्षा कमी ताठर असल्याने हादरा कमी बसतो, असे उत्पादक सांगतात आणि वापरणारे बहुसंख्य सुतारही त्याला दुजोरा देतात. मात्र ‘हलका टायटॅनियम हातोडा जवळपास दुप्पट वजनाच्या पोलादी हातोड्याइतका घाव घालतो’ हा जाहिरातींतला दावा जसाच्या तसा घेऊ नये. धातू ऊर्जा निर्माण करीत नाही. ती येते फिरवणाऱ्याच्या हातातूनच. किंमतही चांगल्या पोलादी हातोड्याच्या कित्येक पट असते. तोंडावरची नक्षीही लवकर झिजते, म्हणून काही नमुन्यांत पोलादी तोंड बदलण्याची सोय असते. रोज हातोडा चालवणाऱ्याला हा खर्च परवडावा. वर्षातून दोनदा कुंपण दुरुस्त करणाऱ्याने त्या वाटेला न गेलेले बरे.

दांड्याचा विचारही तितकाच महत्त्वाचा. हिकरी या अमेरिकी लाकडाचा दांडा हादरा चांगला शोषतो आणि मोडला तर बदलता येतो. डोके दांड्यावरून निसटण्याचा धोका मात्र पूर्वी मोठा होता. न्यूयॉर्क राज्यातील नॉर्विचचे लोहार डेव्हिड मेडोल यांनी १८४०च्या दशकात वाकसाच्या नेढ्यासारखे खोल नेढे हातोड्याला देऊन त्यावर उपाय शोधला. १९२३ मध्ये इलिनॉयमधील रॉकफर्ड येथे सुरू झालेल्या एस्टविंग कंपनीने वेगळा मार्ग धरला: डोके आणि दांडा एकाच पोलादातून घडवलेला. तो सहसा मोडत नाही, पण हादरा मात्र हाताला अधिक जाणवतो. फायबरग्लासचा दांडा या दोहोंच्या मधला.

तोंड गुळगुळीत की चौकटीदार नक्षीचे, हा आणखी एक प्रश्न. नक्षीमुळे घाव खिळ्याच्या डोक्यावरून घसरत नाही. पण चुकलेला घाव लाकडावर जाळीचा ठसा उमटवतो आणि बोटावर बसला तर कातडेच सोलून काढतो. नंतर झाकल्या जाणाऱ्या सांगाड्यावर असा ठसा चालतो. आपल्याकडील सागवानी दारे-खिडक्या किंवा व्हीनियर लावलेले प्लायवूड यांवर तो कदापि चालणार नाही. मराठी सुताराला गिरमिटाने भोक पाडून बेताने चुका ठोकायच्या असतात; त्याला हा हातोडा भेट म्हणून परदेशातून आणण्याचे कारण नाही.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या नेलगनने तेथे बहुतेक ठोकाठोक आता आपल्याकडे घेतली आहे. हातोडा उरला आहे तो अडचणीच्या कोपऱ्यांपुरता, वाकडे खिळे उपटण्यापुरता आणि फळ्या जागेवर बसवण्यापुरता. त्यामुळेही कमरेला दिवसभर लटकणाऱ्या या हत्याराचे वजन कमी असलेले बरे वाटते. दुकानात निवडताना दांडा टोकाकडे सैलसर धरून दहा-बारा वेळा फिरवून पाहावा. मनगट आवळावे लागत असेल तर एक पायरी हलका घ्यावा. वापरताना डोळ्यांवर चष्मा असावा आणि एका हातोड्यावर दुसरा हातोडा कधीही मारू नये, कारण कठीण केलेल्या पोलादाची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते.