प्रतीवरून प्रत

हस्तलिखितांच्या काळी ग्रंथाचे आयुष्य लेखनिकाच्या हाती असे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिला, तो उगाच नव्हे. एका प्रतीत अक्षर चुकले की तिच्यावरून उतरलेल्या प्रत्येक प्रतीत ती चूक जाई. पुढे तंजावरच्या सरफोजीराजांनी मुद्रणालय काढले आणि १८०६ साली तेथे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक छापले गेले. नक्कल सुलभ झाली. मूळ तपासण्याची जबाबदारी मात्र वाढली. दोन शतकांनंतर त्याच तमिळ प्रदेशात, चेन्नईत, हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. या वेळी नक्कल करावयाची होती ती संगणक चालविणाऱ्या प्रणालीची.

मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज एक्सपी’ ही प्रणाली २००१ साली आली आणि सरकारी कचेऱ्यांतून स्थिरावली. ८ एप्रिल २०१४ रोजी कंपनीने तिची डागडुजी थांबविली. यंत्रे धडधाकट होती; पण प्रणालीत नवे भगदाड सापडले, तर ते बुजविणारा कोणी उरला नाही. त्याच सुमारास तमिळनाडू शासनाने आपल्या खात्यांना ‘बॉस’ ही प्रणाली वसविण्याची सूचना केली. चेन्नईच्या सी-डॅक संस्थेत घडलेली, डेबियन लिनक्सवर आधारलेली ही प्रणाली २००७ साली बाहेर पडली. मराठीसह अनेक भारतीय भाषांत तिच्यावर काम करता येते.

परंतु सूचना एका कागदावर मावते. प्रणाली प्रत्येक यंत्रावर निराळी वसवावी लागते. अशा कामी पेनड्राइव्ह हे सोयीचे साधन. मात्र त्यावर नुसत्या फायली उतरविल्या म्हणजे भागत नाही. जुन्या धर्तीचा संगणक सुरू होताच साठवणीचे पहिले ५१२ बाइट वाचतो. पुढची वाट त्याला तेथे सापडते. फायलींची साधी नक्कल हा भाग घेत नाही, म्हणून तशा पेनड्राइव्हवरून यंत्र जागे होत नाही. पहिल्या बाइटापासून शेवटच्यापर्यंत संपूर्ण ठसाच उमटवावा लागतो. युनिक्समधील ‘डीडी’ ही आज्ञा १९७४ पासून हेच काम करीत आली आहे. ती निमूट काम करते. लक्ष्य चुकीचे सांगितले, तर भलत्याच डिस्कवरील मजकूर तितक्याच निमूटपणे पुसून टाकते.

एक पेनड्राइव्ह सिद्ध झाला की त्याच्यावरून दहा, आणि दहांवरून शंभर. येथे साधनाइतकाच अधिकार महत्त्वाचा. विकत घेतलेल्या प्रणालीची मनास येईल तशी नक्कल करणे परवान्याच्या विरुद्ध ठरते. लिनक्सचा गाभा ज्या जीपीएल परवान्याखाली येतो, तो १९८९ साली प्रथम प्रसिद्ध झाला, आणि त्याने नक्कल करण्याचा व वाटण्याचा हक्कच दिला. एखाद्या तालुक्याच्या कारकुनाने शेजारच्या कचेरीला आपला पेनड्राइव्ह द्यावा, यात चोरी नाही.

मात्र हक्काबरोबर जोखीम येते. प्रत शुद्ध उतरली की नाही, हे चेकसम काढून ताडून पाहता येते. एक अक्षर बदलले तरी आकडा बदलतो. पण हा पडताळा नकलेचा आहे, मुळाचा नव्हे. मुळातच दोष असेल, तर आकडा बिनचूक जुळेल आणि दोष शंभर ठिकाणी पोहोचेल. वापरातल्या यंत्राचाच ठसा घेतला, तर त्याचे नाव, त्याचा परवलीचा शब्द, सारेच इतर यंत्रांत उतरते. म्हणून कोरा, तपासलेला ठसा घ्यावा, तो आधी एका यंत्रावर वसवून पाहावा, आणि मगच त्याच्या प्रती काढाव्यात.

लेखनिकाची चूक एका मठापासून दुसऱ्या मठापर्यंत जावयास वर्षे लागत. यंत्राची चूक एका दुपारी जिल्हाभर पसरते. नक्कल करणे जितके सोपे होत जाईल, तितके पहिली प्रत तपासणाऱ्याचे काम मोठे होत जाईल.