जखमी कामगाराची भाकर

ठाण्याच्या वर्तकनगरांतून वागळे वसाहतीच्या दिशेनें सकाळच्या प्रहरीं निघालें, तर कामावर जाणाऱ्या माणसांची रीघ दिसते. त्या प्रत्येकाच्या घरीं एक गोष्ट न बोलतां गृहीत धरलेली असते : सकाळीं गेलेला माणूस संध्याकाळीं धडधाकट परत येईल. ही निश्चिंती मनुष्याला आपोआप लाभलेली नाहीं. तिच्यामागें सुमारें दीडशें वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांतील एक प्रमुख पुरुष याच ठाणें शहरांत जन्मला होता.

मुंबईंतील पहिली सूतगिरणी कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं स्थापिली. त्या काळच्या गिरणीचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. वाफेच्या एका यंत्रापासून निघालेला लांब दांडा छताखालून फिरे, आणि त्यावरून उतरणारे चामड्याचे पट्टे खालच्या यंत्रांना गति देत. या पट्ट्यांना व चक्रांना कोठें कठडा नाहीं, जाळी नाहीं. धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर अडकला, तर सोडविण्यास अवधि मिळत नसे. कारण यंत्र थांबवावयाचें तर तें एकट्या त्या माणसाच्या हातीं नसे. हात गेला म्हणजे काम गेलें, आणि काम गेलें म्हणजे घरची भाकर गेली. गिरणीचा हिशेब मात्र तेथेंच संपे.

या स्थितीची चौकशी करण्यासाठीं मुंबई सरकारनें १८७५ सालीं एक आयोग नेमिला. सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या सहृदय गृहस्थांनीं कायद्याचा आग्रह धरिला, आणि १८८१ सालीं हिंदुस्थानांतील कारखान्यांचा पहिला कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांस कामावर घेऊं नये, बारा वर्षांखालील मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये, धोक्याच्या यंत्रांस कुंपण असावें आणि अपघाताची वर्दी द्यावी, एवढाच त्याचा आवाका होता. तोहि शंभर किंवा अधिक माणसें असलेल्या यांत्रिक कारखान्यांपुरताच. प्रौढ स्त्रीपुरुषांच्या कामाच्या तासांविषयीं त्यांत अवाक्षर नव्हतें. आणि ज्याचा हात तुटला त्यानें पुढें काय खावें, याविषयींहि नव्हतें.

हा प्रश्न ज्यांनीं प्रथम लेखीं मांडला, ते नारायण मेघाजी लोखंडे. त्यांचा जन्म १८४८ सालीं ठाण्यास झाला. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते अनुयायी. मुंबईंतील एका गिरणींत त्यांनीं कोठारावर नोकरी केली होती. म्हणून कामगारांचें दुःख त्यांस ऐकून नव्हे, पाहून ठाऊक होतें. १८८० पासून ते ‘दीनबंधु’ हें पत्र मुंबईंत चालवूं लागले. १८८४ च्या सप्टेंबरांत परळ येथें त्यांनीं कामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचें निवेदन तयार झालें.

त्यांतील रविवारच्या सुटीची मागणी सर्वांच्या लक्षांत राहिली, आणि १८९० च्या जून महिन्यांत मुंबईच्या गिरणीमालकांनीं ती मान्यहि केली. दुपारीं अर्धा तास विसांवा, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार वेळेवर, ह्या मागण्याहि त्यांत होत्या. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीनें मला सर्वांत मोलाचें वाटतें तें शेवटचें कलम. कामावर असतां जो जखमी होईल त्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावें, आणि जो जन्माचा अपंग होईल त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, असें तें कलम सांगत होतें.

वरवर पाहतां ही दयेची याचना वाटेल. वस्तुतः सुरक्षिततेचें सारें शास्त्र तिच्यांत बीजरूपानें आहे. अपघाताचा खर्च जोंवर जखमी माणसाच्या चुलीवर पडतो, तोंवर पट्ट्याभोवतीं जाळी बसविणें हा मालकास फुकटचा भुर्दंड वाटतो. तोच खर्च कारखान्याच्या खातेवहींत लिहावा लागला, कीं जाळी स्वस्त ठरते. मनुष्याची सदसद्विवेकबुद्धि कमी पडते तेथें हिशेब तिची जागा घेतो.

लोखंडे यांना हें कलम फळास आलेलें पाहतां आलें नाहीं. मुंबईंत प्लेगची सांथ उसळली असतां रोग्यांच्या सेवेंत त्यांना त्याच रोगानें गांठलें, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं त्यांचें निधन झालें. कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला तो १९२३ सालीं. निवेदनावर सह्या करणाऱ्यांपैकीं बहुतेकांचे हात तोंवर थकले असतील. या कायद्यानें अपघातांबरोबर शिशाच्या विषबाधेसारख्या कांहीं धंद्यांतील रोगांसहि कामाची इजा मानिलें.

तथापि यंत्रास कुंपण घालून सर्व धोके आंवरत नाहींत, हें मुंबईनें १४ एप्रिल १९४४ रोजीं पाहिलें. व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकीन’ हें जहाज उभें होतें. त्याच्या पोटांत कापसाच्या गासड्या आणि सुमारें चौदाशें टन स्फोटकें एकत्र भरलीं होतीं. दुपारीं दोनच्या सुमारास आग लागल्याचें कळलें. बंबवाल्यांनीं शेंकडों टन पाणी ओतलें. पण दाट धुरामुळें आगीचें मूळच सांपडेना. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आंत दुसरा. अग्निशामक दलाचे ६६ जवान कामीं आले. जळणारी वस्तु आणि फुटणारी वस्तु शेजारीं ठेवूं नयेत, आणि वेळ आली तर माणसें केव्हां मागें घ्यावयाचीं हें आधीं ठरलेलें असावें, हे दोन धडे शहरानें फार महाग विकत घेतले.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्यानें दर दीडशें कामगारांमागें प्रथमोपचाराची एक पेटी आणि पांचशेंहून अधिक कामगार असतील तेथें उपचारकक्ष आवश्यक ठरविला. त्याच सालीं राज्य विमा योजनेचा कायदा झाला, आणि या योजनेचें रुग्णालय पुढें वागळे वसाहतींत उभें राहिलें. १९८४ मध्यें भोपाळची वायुदुर्घटना घडली. तेव्हां १९८७ च्या दुरुस्तीनें धोक्याच्या कारखान्यांवर आणखी एक बंधन आलें. आपल्या आवारांत कोणतीं द्रव्यें आहेत हें कामगारांस व आसपासच्या वस्तीस सांगणें, आणि आणीबाणीचा आराखडा तयार ठेवणें. २०२० सालीं संसदेनें हे विखुरलेले कायदे संहितांत आणिले.

एवढें होऊनहि २६ मे २०१६ रोजीं आणि पुन्हां २३ मे २०२४ रोजीं डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन माणसें मेलीं आणि आसपासच्या घरांच्या कांचा फुटल्या. कायदा पुस्तकांत असतो. धोका टाकींत असतो. दोहोंमध्यें पाहणारा माणूस नसेल, तर पुस्तक टाकीला थांबवीत नाहीं.

वर्तकनगराजवळची १९२५ सालीं सुरू झालेली लोकरीची गिरणी पुढें बंद पडली, आणि त्या जमिनीवर आतां उंच घरें उभीं राहिलीं आहेत. भोंगा गेला म्हणून धोका गेला असें नव्हे. त्या घरांच्या परांच्यांवर चढणारा गंवडी, टाकींत उतरणारा सफाईवाला, दहांहून कमी माणसांच्या लहान कारखान्यांतला कारागीर, हे कारखाना कायद्याच्या कुंपणाबाहेरच राहिले. टाकींत एकजण बेशुद्ध पडला म्हणून दुसऱ्यानें श्वसनसाधनावांचून मागोमाग उतरूं नये. आम्ल अंगावर उडाल्यास मलम शोधण्याआधीं वाहत्या पाण्याखालीं बराच वेळ धरावें. विजेचा धक्का बसलेल्यास हात लावण्यापूर्वीं प्रवाह तोडावा. इतकें साधें ज्ञान यांतील प्रत्येकास मिळालें आहे काय, हें आपण आपल्या दारीं काम करणाऱ्यास तरी विचारूं शकतों.

लोखंड्यांनीं विचारलेला प्रश्न मोठा नव्हता. ज्याचा हात आपल्या कामांत गेला, त्याच्या भाकरीची काळजी कोणीं वाहावी ? ज्या समाजाला या प्रश्नाचें उत्तर ठाऊक असतें, तो हात जाऊंच नये म्हणून आधीं धडपडतो.