मेमरी किती घ्यावी? इंग्रजी, मराठी आणि उर्दूचा हिशोब

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या यवतमध्ये मला एक प्रश्न हमखास येतो. "सर, मुलीसाठी कॉम्प्युटर घ्यायचाय. मेमरी किती घेऊ?" मी शिकवतो उर्दू आणि मराठी, कॉम्प्युटर नाही. पण उर्दू टाइप करून देणारी माणसं इकडे मोजकीच, त्यामुळे लोकांनी मला परस्पर जाणकार ठरवून टाकलं आहे. अलीकडे या प्रश्नात काळजी जास्त असते. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल मोठ्या प्रमाणावर उचलायला सुरुवात केली. दुकानदार सोळा जीबी सांगतो आणि घरात आठपुरतेच पैसे असतात.

माझं उत्तर खाली येईलच. पण आपण लिहितो त्या लिपीचा या प्रश्नाशी जुना संबंध आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. दुकानात "पाचशे जीबीची मेमरी" म्हणतात ती डिस्क असते. रॅम वेगळी. दौंड तालुक्यात गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळतं. आवारात रचलेला ऊस म्हणजे डिस्क आणि चुलवाणावर चढवलेली काहील म्हणजे रॅम. ऊस ढीगभर असला तरी एका वेळी उकळणार काहिलीत मावेल तेवढाच रस. काहील लहान असली तरी गूळ होतो, फक्त रात्र सरत नाही.

आता लिपीकडे येऊ. समजा, पडद्यावर एक अक्षर ५० बाय ५० ठिपक्यांत काढायचं आहे. म्हणजे २५०० ठिपके, साधारण ३१२ बाइट. इंग्रजीची लहान-मोठी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं धरून शंभर आकृत्या पुरतात. म्हणजे सुमारे ३० केबी. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं हवीत. अडीचशे आकृत्या धरल्या तर ८० केबीच्या आत काम होतं. उर्दूचं नस्तालीक मात्र वेगळंच प्रकरण आहे. तिथं अक्षरं एका ओळीत शेजारी शेजारी बसत नाहीत, उजवीकडून डावीकडे उतरत उतरत एकमेकांत मिसळतात. पुढं-मागं कोण आहे त्यावर अक्षराचं रूप बदलतं. अक्षरांचे असे जोड एकसंध आकृती म्हणून साठवायचे ठरवले तर संख्या वीस हजारांच्या आसपास जाते. त्याच हिशोबानं सहा एमबी! इंग्रजीच्या दोनशे पट.

हे सहा एमबी किती जड होते ते बघा. आयबीएमचा पीसी ऑगस्ट १९८१मध्ये बाजारात आला तेव्हा त्याच्या सर्वांत स्वस्त मॉडेलला १६ केबी मेमरी होती. पुढं डॉसच्या सगळ्या काळात प्रोग्रामसाठी ६४० केबीची मर्यादा राहिली. इंग्रजी त्यात मजेत राहिली. मराठीनं वेगळी वाट काढली. मोहन तांबे यांनी आयआयटी कानपूरमध्ये सुरू केलेलं काम १९८८मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आलं आणि जिस्ट कार्ड तयार झालं. मशीनच्या खाचेत बसवायचं हे वेगळं कार्ड भारतीय लिप्यांचा भार उचलायचं. आपल्या लिपीसाठी जादा पैसे मोजून जादा कार्ड घ्या, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. तरीही ते मोठं काम होतं. इथून रेल्वेनं तासाभरावर असलेल्या शहरात ते झालं, हे आमच्या मुलांना माहीतच नसतं.

नस्तालीकचा प्रश्न त्याआधी कराचीत मिर्झा अहमद जमील यांनी हाती घेतला होता. हे स्वतः खुशनवीस. त्यांनी हजारो जोड हातानं लिहिले आणि मोनोटाइप कंपनीच्या यंत्रासाठी ते साठवले गेले. वडील नूर अहमद यांच्या नावावरून त्या अक्षराचं नाव 'नूरी नस्तालीक' ठेवलं. १९८१मध्ये लाहोरचा 'जंग' त्यावर छापला जाऊ लागला. म्हणजे आयबीएमचा पीसी आला त्याच वर्षी उर्दूही कॉम्प्युटरवर आली, पण वर्तमानपत्राच्या छापखान्यापुरती. ते यंत्र घरात घेणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

घरापर्यंत यायला १९९४ उजाडलं. दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरनं 'इनपेज' आणलं. तेव्हाच्या एका फॉन्ट फाइलमध्ये २५६ आकृत्यांचीच जागा असायची, म्हणून नूरी नस्तालीकचे ऐंशीहून जास्त तुकडे करावे लागले. एक ओळ लिहायची तर मशीननं यातल्या कितीतरी फाइली उघडायच्या. दुसऱ्या वर्षी आलेल्या विंडोज ९५ला किमान ४ एमबी रॅम लागायची, मायक्रोसॉफ्टचाच सल्ला ८ एमबीचा होता. इंग्रजी पत्र लिहिणाऱ्याला तेवढं पुरे. उर्दूवाल्यानं जास्त घ्यावी किंवा पान सरकेपर्यंत चहा घ्यावा.

आणि ही मेमरी महाग होती. जुलै १९९३मध्ये जपानच्या निइहामा इथं सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपच्या वेष्टनाला लागणारं रेझिन तिथं बनायचं, त्यामुळे मेमरीचे भाव उसळले. सप्टेंबर १९९९च्या तैवानच्या भूकंपानंतर पुन्हा तेच. आजची महागाई पहिली नाही आणि शेवटचीही नसेल.

त्या दशकात गावोगावच्या उर्दू शाळांत काय झालं हे माझ्या पिढीनं पाहिलं आहे. मराठी शाळेची प्रश्नपत्रिका टाइप होऊन यायची, उर्दूची मास्तरांच्या हस्ताक्षरात सायक्लोस्टाइल व्हायची. चेन्नईचा 'द मुसलमान' १९२७पासून हातानं लिहिला जातो, त्याचं लोक कौतुक करतात आणि करावंच. पण शाळेत हस्ताक्षर ही नजाकत नव्हती, नाइलाज होता. मुलांनी त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. कॉम्प्युटरची भाषा इंग्रजी, जमलं तर मराठी आणि उर्दू म्हणजे कागदावरची. पुढं मोबाइल हातात आला तेव्हा त्यांनी घरची उर्दू रोमन अक्षरांत लिहायला घेतली. त्याची कारणं अनेक आहेत, पण सहा एमबीचा हा जुना अडसर त्यातलं एक आहे, असं मला वाटतं. लिपी अवघड म्हणून सुटली, हे मला पटत नाही. ती लिहायचं साधन महाग होतं.

आता तो अडसर उरलेला नाही. युनिकोडमध्ये मजकूर अक्षरांच्या क्रमानं साठवला जातो आणि आकृती कशी जुळवायची याचे नियम फॉन्टमध्ये असतात. विंडोज ८पासून नस्तालीक फॉन्ट विंडोजबरोबरच येतो. गंमत म्हणजे हिशोब आता उलटा झाला आहे. वेबवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं आणि उर्दूचं दोन. 'यवत' मराठीत लिहिलं तर नऊ बाइट, उर्दूत सहा, इंग्रजीत पाच. पाच लाख चिन्हांचं जाडजूड मराठी पुस्तक दीड एमबीत बसतं. तेव्हा "उर्दू-मराठीचं काम आहे म्हणजे सोळा लागेल" असं कुणी सांगितलं तर सलाम करून पुढच्या दुकानात जा.

मग रॅम खातं कोण? ब्राउझर. २००८मध्ये क्रोम आला तो प्रत्येक टॅब शक्यतो वेगळ्या प्रोग्रामसारखा चालवायचं ठरवूनच. एक टॅब बिघडला तरी बाकीचे टिकतात, पण प्रत्येकाची मेमरी वेगळी. वीस टॅब आणि वर ऑनलाइन तास चालू असला की चार जीबीचं मशीन धापा टाकतं. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये हे घराघरांत दिसलं.

आता माझं उत्तर. विंडोज ११ किमान चार जीबी मागतं. चारमध्ये ते सुरू होतं, पण सुखानं चालत नाही. कॉलेजचा अभ्यास, टायपिंग, ऑनलाइन तास आणि थोडं कोडिंग यासाठी आठ घ्या. पण आठ जीबीची एकच पट्टी आणि शेजारी एक खाच रिकामी, असं मशीन बघून घ्या. भाव उतरले की दुसरी पट्टी टाकता येते. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाग देऊन जोडलेली असते, तिथं पुढं काही करता येत नाही. तसाच लॅपटॉप घ्यायचा असेल तर मात्र सोळाच परवडतं का ते बघा. व्हिडिओ एडिटिंग किंवा इंजिनिअरिंगचं ड्रॉइंग असेल तरीही सोळा.

घरात जुनं मशीन असेल तर ते भंगारात देण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक केलं की किती खाचा भरल्या आहेत ते बऱ्याच मशीनवर दिसतं. एक रिकामी निघाली तर हजारो रुपये वाचू शकतात. विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे आणि बऱ्याच जुन्या मशीनवर ११ चढत नाही. अशांवर लुबुंटूसारखं हलकं लिनक्स टाका. त्यावर युनिकोड मराठी आणि नस्तालीक दोन्ही लिहिता येतं. दोन जीबीतही प्रश्नपत्रिका तयार होते, फक्त टॅब दोन-तीनच उघडे ठेवायचे.